चिकाच्या डागांचा राक्षस

मी दात बनवतो. डॉक्टर नाही मी. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि मारुती मंदिरच्या मागच्या रस्त्याला माझी दोन खोल्यांची लॅब आहे, तिथे त्या मापावर मी कवळ्या, कॅप, ब्रिज तयार करतो. रत्नागिरीत मला चेहऱ्याने ओळखणारे थोडे, पण मी केलेले दात घालून जेवणारे बरेच. लग्नकार्यात समोरचा कोणी खळखळून हसला की माझी नजर आधी त्याच्या वरच्या दातांवर जाते. काम आपलं असलं तर बरं वाटतं. बोलून मात्र कधी दाखवत नाही. पेशंटला डॉक्टरांचं नाव माहीत असतं, आणि ते तसंच असायचं, असं मीही वीसेक वर्षं धरून चाललो होतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या सवयीचाही वाटा आहे.

माझा मित्र आणि मी पाचवीपासून एका बाकावरचे. त्याचे वडील बँकेत अधिकारी, मांडवीला स्वतःचं घर. माझे वडील पावस गावाच्या रस्त्याला एका बागायतदाराची बाग राखायचे आणि हंगामात आंबे काढायला झाडावर असायचे. शाळेत या फरकाचं आम्हा दोघांना काही वाटलं नाही. पुढे तो पुण्याला इंजिनियर झाला, मी दातांचं काम शिकायला बाहेरगावी गेलो आणि परत आलो. लॉकडाऊनमध्ये तो लॅपटॉप घेऊन आईवडिलांकडे आला. नंतरही कंपनीने घरून काम करायची मुभा ठेवली, म्हणून दोनअडीच वर्षं इथेच राहिला.

दुपारी एक ते चार गाव झोपतं. मी शटर अर्ध्यावर ओढून लॅबमध्येच डबा खातो. अशाच एका दुपारी तो शटरखालून वाकून आत आला. हातात बुटांचा खोका.

"हसायचं नाही," तो म्हणाला.

खोक्यात करड्या प्लास्टिकचे राक्षस होते. बोटाएवढे, काही तळहाताएवढे. कुणाला चार हात, कुणाला पाठीवर काटे, कुणाचं तोंड माशासारखं.

"तुझ्या मुलीची खेळणी?"

"माझी. खेळणी नाहीत रे, फौज आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. जेवणाच्या टेबलापेक्षा मोठं टेबल लागतं, त्यावर डोंगर, झाडी, पडक्या भिंती मांडतात. दोघं समोरासमोर उभे राहतात, प्रत्येकाची आपापली फौज. टेपने अंतर मोजून एकेक गडी पुढे सरकवायचा, फासे टाकून कोण मेला ते ठरवायचं. पुण्यात, मुंबईत हे खेळणारी मोठमोठी माणसं आहेत म्हणे. आणि नियम असा, की फौज आपण जोडायची आणि रंगवायची. बिनरंगाची फौज घेऊन गेलं तर लोक नाक मुरडतात.

"हा मी रंगवलेला." त्याने खिशातून एक काढला. रंगाचा इतका जाड थर, की राक्षसाला ताप येऊन अंगावर फोड उठल्यासारखं दिसत होतं. एक डोळा कपाळात, दुसरा गालावर.

मी हसायचं नाही म्हणून थोडा वेळ थांबलो. मग दोघंही इतके हसलो की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून पाहिलं.

"तू दाताला रंग देतोस," डोळे पुसत तो म्हणाला. "एवढं तर जमेल तुला."

मला जमलं. म्हणजे पहिल्या दिवशी नाही. पण खोट्या दाताचं काम आणि हे काम एकाच जातीचं निघालं. दात नुसता पांढरा केला तर तो खोटाच दिसतो; हिरडीपाशी पिवळट, मध्ये दुधी, टोकाला काचेसारखा निळसर, असे पातळ थर एकावर एक द्यावे लागतात. राक्षसाच्या कातडीचंही तसंच. आधी सगळीकडे एक अस्तर. मग गडद रंग पाण्यासारखा पातळ करून सोडायचा, तो आपोआप खाचांत जाऊन बसतो. मग उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने उजळ रंग. सगळ्यात शेवटी डोळे, त्यासाठी श्वास धरायचा. माझ्याकडे भिंग होतं, दिवा होता, तीनच केसांचा वाटेल इतका बारीक ब्रश होता. मुख्य म्हणजे रोज तीन तासांची दुपार होती.

फौज समुद्रातून आलेली आहे असं मीच ठरवलं. मित्राने पुस्तकातले नमुने दाखवले होते, सगळे हिरवे नाहीतर जांभळे. मी म्हटलं, हे असले रंग पाण्यात कुठे असतात? त्याला घेऊन मी सकाळचा मिरकरवाड्याच्या जेटीवर गेलो. टोपल्यांतला बांगडा दाखवला. पाठीवर हिरवानिळा आणि त्यावर काळ्या आडव्यातिडव्या रेघा, पोटाकडे चांदी. आणि तोच बांगडा दुपारी बघितला तर हिरवा रंग मेलेला असतो. "आपल्याला सकाळचा पाहिजे," मी म्हटलं. लहान राक्षस बांगड्याचे झाले. लांब मानेचे तिघे वाम माशाचे, मातकट पिवळे. उडणाऱ्यांचे पंख पाखट माशाच्या पोटासारखे, कडेला गुलाबी. कोळणी विचारायच्या, घ्यायचं काय? आम्ही नुसते बघतो म्हटल्यावर शिव्या खायचो. मग घ्यावंच लागायचं.

मी रंगवायचो तेव्हा तो समोरच्या स्टुलावर बसलेला असायचा. मी काय करतोय, का करतोय, हे सगळं विचारायचा. मी कुणाशी एवढं बोलत नाही, पण त्या दुपारी मी भरभरून बोललो. मध्येमध्ये तो मोबाइलवर काहीतरी टाइप करायचा. मला वाटायचं, ऑफिसचं असेल.

एका पावसाळ्यात घोटाळा झाला. रंगवून झालेल्या दहाबारा राक्षसांवर मी वार्निशचा फवारा मारला आणि हवेतल्या ओलीने तो फवारा पांढरा पडला. दोन महिन्यांचं काम दुधात बुडवल्यासारखं दिसायला लागलं. मित्राचा चेहरा पडला. "गेलं सगळं," म्हणत तो खालीच बसला. मी त्याला घरी पाठवलं. नंतर चार दिवस लॅबचा हीटर लावून, एकेकावर चकचकीत वार्निशचा पातळ हात ब्रशने फिरवून तो पांढरेपणा घालवला. खाचांत थोडासा राहिला, तो मुद्दामच ठेवला, कारण तो वाळलेल्या मिठासारखा दिसत होता. मित्र आला, भिंगातून पाहत राहिला, आणि उठून त्याने मला मिठीच मारली. चाळिशी उलटलेले दोन बाप्ये, दातांच्या साच्यांच्या मध्ये.

त्याच दिवशी तो म्हणाला होता, "पुण्यात मी सगळ्यांना तुझं नाव सांगणार."

"नको," मी म्हटलं. "डॉक्टर लोकांना कळलं की हा दुपारी भुतं रंगवत बसतो, तर कामं द्यायचे नाहीत. माझं नाव कुठे घेऊ नकोस."

मी असं म्हणालो होतो. तेही लिहायलाच हवं.

सगळ्यात मोठा राक्षस शेवटी उरला. वीतभर उंच, फौजेचा सरदार. अंगाने बोजड, हात गुडघ्यांच्या खाली लोंबणारे, बोटं उघडलेली. त्याला कोणता मासा द्यावा हे मला सुचेना. तो महिनाभर अस्तर लावून तसाच उभा होता. एका दुपारी त्याच्या त्या उघड्या हातांकडे बघताना मला वडिलांचे हात दिसले.

आंब्याचा देठ मोडला की चीक उडतो. कातडीवर पडला की भाजतो, वाफेने भाजावं तसा. आधी लाल, मग कडेने काळा आणि मध्ये सोललेला गुलाबी, मग खपली, ती पडायच्या आत दुसरा डाग. चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत वडिलांचे हात मनगटापासून कोपरापर्यंत असे नकाशासारखे असायचे. आई खोबरेल लावायची. पावसाळ्यात डाग फिके व्हायचे, जायचे नाहीत.

मी ते डाग राक्षसाच्या हातांवर काढायला घेतले. काळपट कड, आत तपकिरी, त्याच्या आत गुलाबी, आणि सगळ्यावर पातळ पिवळट थर. रंगवता रंगवता मी मित्राला वडिलांचं सांगू लागलो. आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगून बसलो.

शिकायला मी बाहेरगावी निघालो तेव्हा वडील मला हॉस्टेलवर सोडायला आले होते. मे संपत आलेला, म्हणजे हात सगळ्यात वाईट असण्याचे दिवस. त्यांनी लांब बाह्यांचा सदरा घातला होता, तरी पंजे दिसतच होते. माझी ट्रंक त्यांनी वर आणून ठेवली. खोलीत दोन मुलं होती, चांगल्या घरची. त्यांतल्या एकाने वडिलांच्या हातांकडे बघत मला हळूच विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत."

वडील दारातच होते. त्यांनी ऐकलं. ते हसले, हात पिशवीमागे घेतले, म्हणाले, "येतो मी. एसटी चुकेल." मी त्यांना पोचवायला खालीही गेलो नाही. त्यानंतर ते आठ वर्षं जगले. या गोष्टीचा उच्चार त्यांनीही केला नाही, मीही केला नाही.

मित्राने सगळं ऐकलं.  माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं ओझं कुणीतरी बाजूला धरलं.

सरदार पुरा झाला आणि महिन्याभरात मित्र फौज घेऊन पुण्याला गेला. दोन दिवसांचे सामने होते. फोमच्या खोक्यात एकेका राक्षसासाठी खाच कापून मीच ते भरून दिले. परत आला तेव्हा मी विचारलं, काय झालं?

"हरलो रे. दोन डाव जिंकले, बाकी धुतलं मला."

"रंग बघून काय म्हणाले?"

"आवडले लोकांना," तो म्हणाला, आणि खोका गाडीतच राहिलाय म्हणून उठला.

तेवढ्यावर विषय संपला. थोड्या दिवसांनी त्याच्या ऑफिसचं काम वाढलं, दुपारचं येणं कमी झालं. मला वाटलं, होतं असं.

नंतर कधीतरी मला नेहमी काम देणाऱ्या एका डॉक्टरांचा मेसेज आला. त्यांनी मागे एकदा लॅबमध्ये मित्राला त्या राक्षसांसमोर बसलेलं पाहिलं होतं. मेसेजमध्ये एक व्हिडिओ होता आणि खाली लिहिलं होतं : हा तुमचाच मित्र ना? कलाकार माणूस आहे!

रविवारची सकाळ होती. मी घरी ओटीवर बसलो होतो, समोर आई बिरड्यासाठी वाल सोलत होती. मी व्हिडिओ लावला. मंडप, टेबलं, लोक. मित्राच्या हातात पारितोषिक. सर्वोत्तम रंगकाम. आमचा सरदार त्याच्या शेजारी टेबलावर, कॅमेरा त्याच्या हातांवर सरकत गेला आणि माझ्या छातीत आधी आनंदच झाला, हे खरं सांगतो. मंडपातल्या एवढ्या मोठ्या पडद्यावर तो डाग, ती कड, सगळं बरोबर उतरलं होतं.

मग सूत्रसंचालकाने विचारलं, ही कल्पना कशी सुचली?

मित्र बोलू लागला. सकाळचा बांगडा आणि दुपारचा बांगडा. "आपल्याला सकाळचा पाहिजे," हे माझंच वाक्य, माझ्याच थांबण्यासकट. पावसाळ्यात वार्निश पांढरं झालं तेव्हा "मी चार दिवस हीटर लावून बसलो." खाचांतल्या मिठाची युक्ती. मला आता कळलं की स्टुलावर बसून तो मोबाइलवर काय लिहीत होता.

आणि मग तो म्हणाला, "हे हात माझ्या वडिलांचे आहेत."

आईचे हात थांबले.

त्याने सगळं सांगितलं. चीक, खोबरेल, लांब बाह्यांचा सदरा, ट्रंक, हॉस्टेलची खोली. "त्या मुलाने विचारलं, हे कोण? आणि मी," इथे मित्राचा आवाज भरून आला, "मी सगळ्यांसमोर बाबांचे ते हात हातात घेतले आणि म्हणालो, हे माझे वडील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे टिपत होती.

मी फोन पालथा ठेवला. आई माझ्याकडे बघत होती.

"हा तो मांडवीचाच ना?" तिने विचारलं. "ह्याचे वडील कधी झाडावर चढले?"

"नाही चढले."

"म्हणजे हे आपल्या ह्यांचं सांगतोय."

"हो."

तिने हातातला वाल सुपात टाकला. मग म्हणाली, "तू असे हात धरले होतेस त्यांचे? मला कधी बोलले नाहीत ते."

तिच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं, की मला फक्त मान हलवायची होती. एकदा हलवली असती तर ती मरेपर्यंत त्या गोष्टीवर सुखात राहिली असती. ती गोष्ट मित्राने तिच्यासाठी आयती तयार करून ठेवली होती.

"नाही," मी म्हटलं. "मी म्हणालो होतो, गावचे आहेत."

आईने सूप उचललं आणि आत गेली. वाल अर्धे सोललेले, अर्धे सालासकट. दुपारी तिने मला वाढलं, नेहमीसारखं वाढलं, पण समोर बसली नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "ते घरी हसत आले होते त्या दिवशी. म्हणाले, खोली मोठी आहे, पोरं चांगली आहेत." एवढंच. त्यावर पुढे आमचं कधी बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवीला गेलो. मित्राचे वडील बाहेर पेपर वाचत होते, त्यांनी आत जा म्हणून खूण केली. मित्र कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. माझा चेहरा बघून त्याने लॅपटॉप मिटला.

"बघितलास," तो म्हणाला.

"आईनेपण बघितला."

तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. "ऐक. असं ठरवून नाही झालं. नाव पुकारलं, मी स्टेजवर गेलो. कुणी रंगवलं, विचारलं. तूच म्हणाला होतास माझं नाव घेऊ नकोस. मग मी काय सांगणार? म्हटलं, मी. आणि एकदा मी म्हटल्यावर पुढचे प्रश्न आले."

"नाव घेऊ नकोस म्हणालो होतो. माझा बाप घे असं म्हणालो नव्हतो."

"अरे, गोष्ट किती चांगली होती ती! लोक रडले. एका अर्थी तुझ्या बाबांनाच मान मिळाला ना?"

"तुझ्या बाबांना मिळाला."

 खिडकीतून खारा वारा येत होता, टेबलावरचे कागद फडफडत होते, आणि त्यांवर वजन म्हणून ते पारितोषिक ठेवलेलं होतं. मी ते प्रथमच बघत होतो.

"शेवट का बदललास?" मी विचारलं.

"काय?"

"माझं सगळं जसंच्या तसं सांगितलंस. बांगडासुद्धा बदलला नाहीस. शेवट तेवढा बदललास. का?"

त्याने लॅपटॉपचं झाकण उघडून पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "खरा शेवट कसा सांगणार? मी वाईट दिसलो असतो."

त्या दिवसातलं हे एक वाक्य त्याने खरं उच्चारलं असं मला अजूनही वाटतं. आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. माझी कला त्याला हवी होती, माझे वडील हवे होते, माझी लाज मात्र नको होती. ती त्याने माझ्याकडेच ठेवली. आणि तीही मला घरात, आईसमोर, उघडी करायला लावली.

"व्हिडिओ काढून टाक."

"माझा नाही रे तो. आयोजकांनी टाकलाय. त्यांना काय कारण सांगू?"

"खरं कारण सांग."

त्याने हेडफोन पुन्हा उचलले. मी निघालो.

फाटकाशी मित्राचे वडील उभे होते. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा लेंगा, हात स्वच्छ, नखं कापलेली. त्यांनी माझ्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला.

"मी पाहिलं ते," ते म्हणाले. "बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने पाठवलं. त्याने फोनवर विचारलं, साहेब, तुम्ही बागेत कधी होता?" ते हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मी आंब्याखाली फक्त सावलीला उभा राहिलोय. चाळीस वर्षं खुर्चीवर बसून त्याला शिकवला. सांगण्यासारखं काही निघालं नाही बहुतेक त्यात."

 "तुम्ही त्याला काही बोललात का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तू बोललास का तुझ्या वडिलांशी कधी?" मग एकदम ओशाळले. "म्हणजे, ती गोष्ट तुमच्या घरची, एवढं कळलं मला. बाकी व्हिडिओत होतं तेवढंच माहीत. माफ कर."

मी मान हलवून गाडी चालू केली. भाट्याच्या पुलापर्यंत मी उगाचच गेलो आणि परत आलो.

आठवड्याने त्या व्हिडिओखाली मित्राच्या नावाने एक ओळ दिसली : या कामात रत्नागिरीच्या एका मित्राची मोलाची मदत झाली. मदत! त्याखाली कुणीतरी अंगठा टाकला होता. मी त्या ओळीकडे जितका वेळ बघत बसलो, तितका वेळ मूळ व्हिडिओसुद्धा पाहिला नव्हता.

पुढे एकदा तो लॅबमध्ये आला. मी भट्टीपाशी होतो. त्याने टेबलावर खोका ठेवला, आत सरदार होता.

"हा तुझा. ठेव."

"माझा आहे हे जिथे सांगायचं तिथे सांगून ये. मग ठेव."

"एवढं ताणायचं का? पस्तीस वर्षांची दोस्ती आहे."

"म्हणूनच."

 मला वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलो. तो म्हणाला, "तुझा प्रॉब्लेम काय आहे माहितीये? तुला स्वतःला पुढे यायचं नसतं, आणि दुसरा आला तर चालत नाही." खोका उचलून गेला. हे वाक्य पूर्ण खोटं असतं तर मी ते केव्हाच विसरलो असतो. त्या उन्हाळ्यात कंपनीने त्याला परत पुण्याला बोलावलं. जाताना भेटला नाही.

डॉक्टरांना मी सांगून टाकलं. कॅप द्यायला गेलो होतो, ते पुन्हा व्हिडिओचं काढून कौतुक करू लागले. "सर, ती फौज मी रंगवली आहे," मी म्हटलं.  ते माझ्याकडे बघून हसले. "अच्छा! दोघांनी मिळून केली तर." मी म्हटलं, "नाही. मी." ते "हो का, वा," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. काम मात्र अजून देतात.

दुपारी शटर अर्ध्यावर ओढल्यावर अजून कधीकधी शटरखाली बूट दिसतील असं वाटतं. जेटीवर नवा मासा दिसला की सांगायला तोच आठवतो. याचा मला राग येतो. त्याच्यावर नाही, माझ्यावर.

यंदा मी कुरिअरने स्वतःसाठी एक राक्षस मागवला, तसाच मोठा. घरीच रंगवला, ओटीवर, लपवायचं कारण उरलं नव्हतं म्हणून. अस्तर, खाचा, सगळं हाताला येत होतं, पण डागांपाशी आलो की कानात त्याचा आवाज यायचा, माझंच मला समजावून सांगणारा. दोनतीनदा ब्रश ठेवून उठलो. वाटलं, हा रंग आता माझ्याकडे राहिला नाही.

आई येऊन शेजारी बसली. तिने चष्मा पुसला, राक्षस हातात घेतला, उन्हाकडे धरून फिरवला. मी तिला असलं काही कधी दाखवलं नव्हतं.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"उजव्यावर एवढे डाग नव्हते. झेल्याची काठी उजव्यात असायची, आंबा तिच्या जाळीत पडायचा. आंबा हातात घेऊन देठ मोडायचे ते डाव्या बाजूला. चीक सगळा डाव्यावर." तिने राक्षसाचा डावा हात अंगठ्याने दाबून दाखवला. "इथे, कोपराच्या आतल्या बाजूला, एक लांब होता. सदऱ्याची बाही घासायची त्याला. पावसाळ्यातसुद्धा ओला असायचा."

मला तो डाग आठवत नव्हता. मी कधी बघितलाच नव्हता.

"किती लांब?" मी विचारलं.

तिने माझ्या हातावर बोट फिरवून दाखवलं. मी गुलाबी रंग घोटला.